आधी माती उकरून बघा

श्रावणात पत्रं नेहमीच जास्त येतात. पावसाने जरा उघडीप दिली की माणसं अंगणात उतरतात आणि मग दिसायला लागतं, हिरवळ कुठे पिवळी पडलीय, लव्हाळा कुठे माजलाय, कुंड्यांच्या बुडाशी काय काय येऊन राहिलंय. या वेळच्या बहुतेक पत्रांचा शेवट एकाच प्रश्नाने झालाय: ‘कुठलं औषध मारू?’ महापालिकेच्या उद्यान विभागात होते तेव्हा हिरवळींची जबाबदारी बरीच वर्षं माझ्याकडे होती. औषधाचं नाव घेण्याआधी कीड माझ्या तळहातावर आणून ठेवा, असं मी माळ्यांना सांगायचे. वाचकांनाही तेच सांगते आहे. तुमच्या अंगणात लहान मुलं रांगतात, मांजर लोळतं, बुलबुल किडे टिपतात. शेतातलं विष तिथे आणण्याची वेळ फार क्वचित येते.

ताई, बंगल्यापुढे ८०० चौरस फुटांचं मेक्सिकन लॉन आहे. जुलैच्या अखेरीपासून त्यात पिवळे डाग पडायला लागले. पाणी कमी पडलं म्हणावं तर रोज पाऊस आहे. परवा एका डागावरचं गवत धरून ओढलं, तर चटई उचलावी तसं हातात आलं. रोज सकाळी कावळे आणि साळुंक्या येऊन लॉन उकरतात. माळी म्हणतो थिमेट टाकू, पक्षीही यायचे बंद होतील. घरात दोन वर्षांची नात आहे. टाकू का?
– एक वाचक, बाणेर, पुणे

नाही, टाकू नका. माळ्याकडे आधीची पुडी पडून असेल तर तीही घरात ठेवू देऊ नका. थिमेट म्हणून जे दाणे ओळखले जातात ते फोरेट. अतिशय जहाल विष आहे ते. २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून आपल्या देशात त्यावर बंदी आहे. तरी जुन्या सवयीने लोक ते हुमणीला म्हणजे मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीला, वाळवीला, साप येऊ नये म्हणूनही टाकतात. दाणे वाळूसारखे दिसतात, पक्षी ते टिपतात आणि मरतात. ‘पक्षी यायचे बंद होतील’ याचा अर्थ तो आहे. आणि दोन वर्षांचं मूल मातीत हात घालून तोच हात तोंडात घालतं, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तुमच्या लॉनमध्ये हुमणी आहे, हे पत्रावरूनच जवळजवळ नक्की सांगता येतं. पाणी असून पिवळं पडणं, मुळं नसल्यामुळे गवत अलगद उचललं जाणं आणि कावळ्या-साळुंक्यांचं उकरणं, ही तिन्ही लक्षणं एकत्र आली की दुसरं काही नसतं. तरी खात्री करा. डागाच्या मधोमध खणू नका, तिथलं खाऊन झालेलं असतं. पिवळं आणि हिरवं जिथे भेटतं त्या कडेला एक फूट लांब, एक फूट रुंद चौकोन घ्या. खुरप्याने त्याच्या तीन बाजू कापा, चौथी तशीच ठेवून गवताचा पापुद्रा उलटा आणि खालची तीन-चार बोटं माती मोकळी करा. पांढरट, तपकिरी डोक्याची, अंगाचं अर्धं वेटोळं केलेली अळी दिसेल. तशा किती आहेत ते मोजा. चौरस फुटात चार-पाचपर्यंत असतील तर धडधाकट हिरवळ ते सोसते, काही करायची गरज नसते. त्याहून जास्त असतील तर कामाला लागा. बघून झालं की पापुद्रा पुन्हा बसवा, पायाने दाबा, पाणी द्या.

हुमणीचं वर्षाचं वेळापत्रक एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम होतं. वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की संध्याकाळी अंधार पडताना तिचे तपकिरी भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात. कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर बसून ते पानं खातात, तिथेच त्यांचं मीलन होतं, आणि माद्या मातीत अंडी घालतात. अळ्या आधी कुजलेला पाला खातात, मग मुळांना लागतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात त्या सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत खादाड असतात. नंतर खोल जाऊन कोष करतात आणि पुढच्या पावसापर्यंत खालीच राहतात. म्हणजे वर्षाला एकच पिढी. त्या पिढीला जूनमध्ये भुंगेरा असताना गाठणं सगळ्यांत सोपं, आणि आता अळी मोठी झाल्यावर सगळ्यांत अवघड.

तरी आता हे करा. डागांच्या कडेने माती उकरून अळ्या हाताने वेचा. ८०० चौरस फुटांत हे होण्यासारखं आहे, दोन माणसं एका सकाळी निम्मं लॉन काढतात. वेचलेल्या अळ्या उघड्या फरशीवर टाका, साळुंक्या आवरून नेतील. त्या रोज सकाळी येऊन हेच काम करताहेत, त्यांना हाकलू नका. मग मेटारायझियम ही बुरशी आणा. कृषी विद्यापीठांच्या जैविक कीडनियंत्रण प्रयोगशाळांत आणि चांगल्या कृषी सेवा केंद्रात ती भुकटीच्या रूपात मिळते. पाकिटावरची उत्पादनाची तारीख बघून घ्या, कारण ती जिवंत वस्तू आहे. जुनी, उन्हात तापलेली पुडी म्हणजे नुसती माती. पाकिटावर दिलेल्या प्रमाणात चाळलेल्या शेणखतात कालवून संध्याकाळी, जमिनीत ओल असताना पसरा आणि वरून हलकं पाणी द्या. त्या सुमारास बुरशीनाशक मारू नका, नाहीतर हीसुद्धा बुरशीच आहे, तीही मरेल. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. मेलेली अळी कडक होते, आधी पांढरी आणि मग हिरवट बुरशीने माखते. अशी एखादी सापडली तर ती तिथेच राहू द्या, तिच्यातून बुरशी पुढे पसरते.

आणि पुढच्या मे महिन्यात कॅलेंडरवर खूण करून ठेवा. पहिला जोरदार पाऊस झाला की सोसायटीतल्या कडुनिंबाखाली जुनी चादर अंथरा, अंधार पडल्यावर फांद्या हलवा, खाली पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. शेजारच्या दोन-चार घरांना बरोबर घ्या, भुंगेऱ्यांना कुंपण कळत नाही. पाठोपाठ काही संध्याकाळी हे केलंत तर ऑगस्टमध्ये मला पत्र लिहायची वेळ येणार नाही. शेणखत मात्र पूर्ण कुजलेलं, काळं, मातीसारखा वास येणारंच घ्या. कच्च्या खताबरोबर अळ्या आणि अंडी दोन्ही घरी येतात.

शेणखताच्या खड्ड्यात अंगठ्याएवढे जाड पांढरे किडे निघाले. हीच हुमणी ना? सगळं खत फेकून द्यावं लागेल का?
– एक वाचक, फलटण

खत फेकू नका. खतात निघणारा प्रत्येक पांढरा किडा म्हणजे मुळं खाणारी हुमणी नव्हे. एक सोपी चाचणी करा. किडा सपाट जमिनीवर ठेवा. तो पाठीवर उताणा होऊन सरकत निघाला तर ती फुलांवर बसणाऱ्या भुंगेऱ्यांची अळी. ती कुजका पालापाचोळाच खाते, खत चांगलं करते, तिला राहू द्या. अंगठ्याहून जाड, एका कुशीवर वेटोळं करून पडून राहणारी असेल तर बहुधा गेंडा भुंग्याची. तीही लॉनच्या मुळाला लागत नाही, पण तिचा भुंगा नारळाचा कोंब पोखरतो. जवळपास नारळ असतील तर खड्डा दर काही आठवड्यांनी खालीवर करा आणि अळ्या वेचून कोंबड्यांना घाला. कोंबड्या नसतील तर खत उन्हात पसरा, कावळे तासाभरात साफ करतात.

नवीन लॉन लावून वर्ष झालं आणि त्यात लव्हाळा इतका आलाय की गवत दिसत नाही. उपटून उपटून थकलो. दुकानदाराने ग्लायफोसेट सुचवलंय.
– एक वाचक, सांगली

ग्लायफोसेट हे तणनाशक निवडून मारत नाही. लव्हाळ्याबरोबर तुमचं लॉनही जाईल. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून ते फक्त कीडनियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांमार्फतच वापरावं, असं बंधन घातलं आहे, म्हणजे घरमालकाने स्वतः पंप पाठीवर घेऊन मारायची ती गोष्टच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ते ‘माणसात कर्करोगाला कारण ठरण्याची शक्यता असलेल्या’ गटात टाकलं, हेही तुम्हाला माहीत असावं.

उपटूनही लव्हाळा का जात नाही? कारण खाली गाठींची माळ असते. पहिली गाठ दुसरीला झोपवून ठेवते. तुम्ही वरचं पातं ओढलंत की माळ तुटते आणि खालच्या झोपलेल्या गाठी एकेक करून जाग्या होतात. म्हणून उपटलेल्या लव्हाळ्याच्या जागी आठ दिवसांत तीन उगवतात. या गाठींनाच आपण नागरमोथा म्हणतो, दिवाळीच्या उटण्यात घालतो तोच. सुकवल्या तरी वास टिकतो इतक्या त्या चिवट.

लव्हाळ्याला एकच गोष्ट सोसत नाही, सावली. तुमचं गवत विरळ आहे म्हणून तो माजलाय. तेव्हा लव्हाळ्याच्या मागे न लागता गवताच्या मागे लागा. दर आठवड्याला कापणी करा, पण गवत दीड-दोन इंच उंच ठेवून. लव्हाळ्याचं पातं त्याहून भराभर वर येतं, तेवढंच कापलं जातं आणि पानंच मिळेनात की गाठींतला साठा खर्ची पडतो. मोकळ्या जागी त्याच जातीच्या गवताची रोपं दाटीने लावा. महिन्यातून एकदा चाळलेलं गांडूळखत आणि बारीक रेती समप्रमाणात मिसळून पातळ थर द्या. हाताने काढायचाच असेल तर पाऊस पडून गेल्यावर लांब दांड्याच्या खुरप्याने वीतभर खोल जाऊन गाठींसकट काढा, आणि त्या गाठी खताच्या खड्ड्यात टाकू नका. दोन पावसाळे लागतील, एका पावसाळ्यात हे होत नाही. ज्यांनी अजून लॉन लावलेलं नाही त्यांच्यासाठी: लाल माती विकत घेताना मूठभर चाळून बघा. बहुतेक अंगणांत लव्हाळा त्या ट्रॅक्टरमधूनच येतो. माती पसरल्यावर पाणी देऊन दोन आठवडे थांबा, उगवलेलं सगळं गाठींसह खणून काढा, पुन्हा पाणी द्या, पुन्हा काढा, आणि मगच गवत लावा. लॉनवाले यासाठी थांबायला तयार नसतात. तुम्ही थांबवा.

रात्री लॉनवर हाताच्या मुठीएवढ्या शंखी गोगलगाई येतात. शेवंती, पालक, कोवळं गवत, सगळं खातात. मीठ टाकून टाकून लॉनवर पांढरे चट्टे पडलेत. गोगलगाईचं औषध आणायचं तर घरात कुत्री आहे.
– एक वाचक, बदलापूर

कुत्रीची आठवण ठेवलीत, फार बरं केलंत. गोगलगाईंसाठी मिळणाऱ्या आमिषाच्या गोळ्यांत बहुधा मेटाल्डिहाइड असतं. कुत्र्यांना त्याची चव आवडते आणि थोड्या गोळ्यांनीही ती दगावतात. आणि मीठ आजपासून बंद. जे मीठ गोगलगाय मारतं तेच गवताची मुळंही मारतं आणि मातीत राहतं. चट्टे पडलेत तिथे भरपूर पाणी सोडून मीठ खाली जाऊ द्या, पाऊस बाकीचं काम करेल.

ही आफ्रिकेतली गोगलगाय. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन यांनी मॉरिशसहून आणून कोलकात्यात सोडली, तिथून ती देशभर गेली. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात तिने सोयाबीन उगवतानाच फस्त केलं, शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आणली. तेव्हा ‘माझ्या बागेतच का?’ असं मनाला लावून घेऊ नका. ती प्रत्येक जण नर आणि मादी दोन्ही असते, एका वेळी शंभराहून जास्त अंडी घालते. म्हणून एक दिवस शंभर वेचून थांबणाऱ्याला यश येत नाही, सलग महिना-दीड महिना रोज थोड्या वेचणाऱ्याला येतं.

पद्धत अशी. संध्याकाळी गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून बागेच्या कडेला, भिंतीलगत, कंपोस्टजवळ टाका. खाली कोबीची किंवा पपईची पानं ठेवलीत तर आणखी चांगलं. पहाटे उजाडायच्या आत गोणपाट उचला, गोगलगाई खाली जमलेल्या असतील. उघड्या हाताने धरू नका. त्यांच्या अंगात आणि चिकट्यात माणसाच्या मेंदूला सूज आणणारा एक जंत असू शकतो. हातमोजे घाला किंवा चिमटा वापरा, नंतर साबणाने हात धुवा, आणि बागेतली पालेभाजी त्या काळात नीट धुऊन, शिजवूनच खा. वेचलेल्या गोगलगाई मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाका. मिठाची जागा तिथे, बादलीत. मेल्यावर बागेपासून दूर खड्ड्यात चुना टाकून पुरा. नुसत्या कचऱ्यात फेकल्या तर चालत परत येतात.

दिवसा अंडी शोधा. कुंडीच्या बुडाखाली, विटांच्या फटीत, भुसभुशीत मातीत दोन-तीन इंचांवर साबुदाण्याएवढे पिवळसर पांढरे गोळे पुंजक्याने सापडतील, ते ठेचून टाका. एक पुंजका म्हणजे पुढच्या वर्षीच्या शंभर गोगलगाई. नर्सरीतून रोप आणताना कुंडी उचलून तळ बघायची सवय लावा, आपल्याकडे ती बहुतेक अशीच घरात शिरते. पावसात चुन्याची रेघ टिकत नाही, पण शेवंतीच्या वाफ्याभोवती उघडिपीच्या दिवशी चार बोटं रुंद पट्टा दिलात तर उपयोग होतो.

या पावसाळ्यात बंगल्यापुढे १५०० चौरस फूट लॉन करायचा विचार आहे. उन्हाळ्यात टँकर घ्यावा लागतो. कमी पाण्याचं गवत कोणतं?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

आधी हिशेब मांडू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. तुमचं लॉन १४० चौरस मीटर. मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये हिरवंगार ठेवायचं तर दिवसाला पाच मिलिमीटर धरणं अजिबात जास्त नाही. म्हणजे रोज ७०० लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचं माप माणशी १३५ लिटर, म्हणजे चार माणसांच्या घराला ५४० लिटर. तुमचं लॉन तुमच्या सगळ्या घरापेक्षा जास्त पाणी पिणार, आणि तेही ज्या महिन्यांत जिल्ह्यातल्या गावांना प्यायला टँकर लागतो त्या महिन्यांत. हे मला पटत नाही आणि मी ते तुम्हाला स्पष्ट सांगते आहे.

संध्याकाळी खुर्च्या टाकून जिथे बसाल तेवढं, दोनशे-तीनशे चौरस फूट लॉन करा. त्यासाठी मेक्सिकन किंवा कोरियन गवत न घेता हरळीची चांगली जात घ्या. लॉनवाल्यांकडे ‘सिलेक्शन नंबर वन’ म्हणून मिळते. उन्हाळ्यात पाणी तोडलं तर हरळी पिवळी पडून झोपते, मरत नाही. पहिल्या पावसानंतर आठवड्यात हिरवी होते. तिला झोपू द्या. उरलेल्या जागेत जलपिंपळी लावा, जमिनीवर पसरते, बारीक फुलं येतात आणि फुलपाखरं हटत नाहीत. कडेने कढीलिंब, तगर, अडुळसा. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा सकाळी मुरेपर्यंत पाणी द्या. जुना स्क्रूड्रायव्हर मातीत चार बोटं सहज गेला तर त्या दिवशी पाणी नको. वॉशिंग मशीनचं पाणी रोज लॉनवर सोडू नका, डिटर्जंटमधल्या सोडियमने काळी माती घट्ट होते.

मी बारावीत आहे. आमच्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आलाय. आई कडुनिंबाचं तेल मारते. पण त्यात काही पांढरे किडे भराभर पळतात, बाकीचे बसून असतात. दोन्ही एकच आहेत का?
– एक वाचक, नागपूर

शाबास! इतक्या नीट फार थोडे बघतात. बसून असतो तो पिठ्या ढेकूण. पळतो तो बहुधा क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी. तिच्याही अंगावर पांढरी मेणाची लव असते, पण ती लांबट असते, तिला स्पष्ट पाय दिसतात आणि तिचं सगळं जेवण पिठ्या ढेकूणच आहे. हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ मध्ये आपल्याकडे कॉफीच्या मळ्यांसाठी आणला होता. भिंग घेऊन बघ, ती ढेकणाच्या अंड्यांच्या कापसात डोकं खुपसून खात असेल.

आईला सांग, पळणारे किडे आहेत त्या फांद्यांवर काहीही मारायचं नाही. बाकीच्या फांद्यांवर पाइपने जोराची धार मार, फार माखलेली टोकं छाटून टाक. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी ती तोड, कारण ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि त्या भुंगेऱ्याला जवळ येऊ देत नाहीत. खोडाला कापडाची पट्टी बांधून तिच्यावर ग्रीस लाव, खोडाला थेट नको. तरी ढेकूण उरलाच तर निंबोळी अर्क. सुकलेल्या निंबोळ्यांचा ५० ग्रॅम भरडा फडक्यात बांधून रात्रभर लिटरभर पाण्यात ठेव, सकाळी पिळून काढ, चिमूटभर साबण विरघळव आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवार. उन्हात त्याचा गुण जातो. कीड लगेच मरत नाही, तिचं खाणं आणि कात टाकणं थांबतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी निराश होऊ नको. कॉलनीतल्या झाडाखाली अजून निंबोळ्या पडलेल्या असतील तर आत्ताच वेच, सावलीत वाळव आणि कापडी पिशवीत ठेव.

काकू, आमच्या लॉनमध्ये मागच्या सप्टेंबरमध्ये ग्रब्ज निघाले, मोठे पॅच मेले. लॉन सर्व्हिसवाला वर्षभराचं फवारणीचं पॅकेज घ्या म्हणतो. शिवाय क्लोव्हर आणि डँडेलायन खूप आहेत, शेजारी नाराज आहेत. मुलं अनवाणी खेळतात म्हणून मन होत नाही.
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

भाचीकडे तुमच्या राज्यात राहून आले आहे, म्हणून उत्तर द्यायचं धाडस करते. तुमचे ग्रब बहुतेक जपानी भुंगेऱ्याचे, आमच्या हुमणीचेच भाऊबंद. अमेरिकेत हा भुंगेरा पहिल्यांदा सापडला तो तुमच्याच राज्यात, १९१६ मध्ये रिव्हर्टनच्या एका नर्सरीत. त्याचंही वर्षाचं वेळापत्रक ठरलेलं आहे. जून-जुलैत भुंगेरे, मग अंडी, आणि ऑगस्टच्या मध्यापासून लहान अळ्या वरच्या मातीत. हे पत्र वाचताय तीच वेळ आहे. हेटेरोरॅब्डायटिस नावाच्या सूक्ष्म कृमींची पुडी मागवा. हे कृमी अळीच्या अंगात शिरून तिला मारतात, मुलांना काही करत नाहीत. संध्याकाळी, लॉन भिजवून, झारीने द्या आणि पुढचे दोन आठवडे माती ओली ठेवा. वासाने भुंगेरे ओढणारे पिवळे सापळे मात्र लावू नका, ते शेजाऱ्यांचेही भुंगेरे तुमच्या अंगणात आणतात.

तुमचं फेस्क्यू आणि ब्लूग्रास थंड हवेचं गवत. आमच्या हरळीसारखं ते बुटकं कापायचं नसतं, तीन-साडेतीन इंच ठेवा. उंच गवताची मुळं खोल जातात आणि डँडेलायनच्या बीला ऊन मिळत नाही. कापलेलं गवत तिथेच पडू द्या, वर्षाच्या नत्राचा साधारण पाव हिस्सा त्यातून परत मिळतो. क्लोव्हर हवेतलं नत्र मातीत आणतो, तो तण समजू नका. सप्टेंबरमध्ये मेलेल्या पॅचवर नवं बी टाका. खत घालण्याआधी रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती तपासून घ्या. २०११ च्या तुमच्या राज्याच्या कायद्याप्रमाणे तपासणीत कमतरता दिसल्याशिवाय जुन्या लॉनला फॉस्फरस घालता येत नाही, आणि घरमालकाने १५ नोव्हेंबर ते १ मार्च या काळात खतच घालायचं नाही. पॅकेजवाल्याला हे विचारा. शेजाऱ्यांना क्लोव्हरवरच्या मधमाश्या दाखवा, मुलांना बरोबर घेऊन.

डासांमुळे संध्याकाळी लॉनवर बसता येत नाही. खासगी माणूस येऊन धूर करून जातो, दोन दिवसांत पुन्हा तेच.
– एक वाचक, म्हापसा, गोवा

धुराने उडते डास तेवढे मरतात, आणि त्यांच्याबरोबर काजवे, चतुर, पाकोळ्यांचं खाणं असलेले सगळे बारीक किडे. अळ्या पाण्यात सुखरूप राहतात. शिवाय डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो, संध्याकाळच्या धुराने तो फारसा सापडतच नाही. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातला एक वार ठरवा आणि त्या दिवशी कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, पागोळीचे नळ, ताडपत्रीच्या घड्या, नारळाच्या करवंट्या सगळं रिकामं करा. नुसतं ओतू नका, कडा घासा. एडिसची अंडी कोरड्या भांड्याला चिकटून महिनोन्‌महिने जिवंत राहतात. कमळाच्या टाक्यात गप्पी मासे सोडा, पण टाक्यातच. ओढ्यात सोडले तर ते तिथले मूळचे मासे हटवतात. रिकामं न होणाऱ्या पाण्यासाठी बीटीआय ही जिवाणूंची भुकटी आहे, ती मुख्यतः डासांच्या अळ्यांना लागू पडते.

पावसात लॉनवर सगळीकडे चिखलाच्या बारीक ढिगल्या येतात. घाण दिसतं. गांडुळं आहेत असं कळलं. ती कशी मारावीत?
– एक वाचक, बेळगाव

मारू नका हो! लोक पैसे देऊन गांडूळखत आणतात आणि तुमच्याकडे ते आपणहून रोज वर येतं आहे. गांडुळांनी केलेल्या बिळांतून पावसाचं पाणी खाली मुरतं, कापलेलं गवत ती ओढून नेऊन कुजवतात, जड काळी माती मोकळी करतात. त्यांना मारणारं विष घातलंत तर वर्षभरात लॉन दगडासारखं घट्ट होईल, पाणी साचेल, शेवाळ येईल, आणि मग मला त्याचं पत्र याल घेऊन. ढिगल्या ओल्या असताना त्यांवर चालू नका, पायाखाली चिखल पसरून गवत गुदमरतं. उघडीप मिळून त्या वाळल्या की खराट्याने हलकेच पसरवा, आणि दोन दिवस ऊन पडल्याशिवाय कापणीचं मशीन फिरवू नका.